गाईंची नावं

इडवल : ...आणि इंग्लंडच्या पहिल्या ओळीतला तो उजवीकडचा, म्हणजे नुसती भिंत. ढकलावं तेवढा जाड होतो. पण त्याच्या डाव्या कानामागे टाके आहेत, अजून ओले. स्क्रममध्ये, डोक्याला डोकं भिडवून रेटताना, दोनदा तिथे कपाळ घासलं, की तिसऱ्या वेळी तो आपणहून मान वाकवतो.

नेस्टा : चहात साखर किती?

इडवल : दोन चमचे. त्यांचे मागचे पळायला चांगले, पण पकडायला भित्रे. सगळ्यात मागे उभा राहतो ना तो सोनेरी केसांचा, तो उंच चेंडू खाली येताना डोळे मिटतो. म्हणजे चेंडू त्याच्याकडे उंच मारायचा आणि चेंडूबरोबर आपली तीन माणसं पोचवायची. चेंडू त्याच्या हातांना, माणसं बरगड्यांना.

नेस्टा : अजून तेवीस वर्षांचा असल्यासारखा बोलतोस. रग्बीपायी अर्धा कान पॅरिसला ठेवून आलास, तरी हौस फिटली नाही.

इडवल : ज्यानं चावला, त्याचे पुढचे दोन दात मी खिशात घालून आणले होते, ताई.

नेस्टा : आठवतंय. ह्याच टेबलावर ठेवलेस. आई रडली होती.

इडवल : आई हसली होती. रडलीस तू.

नेस्टा : बरं. त्यांचं सगळं दुबळं झालं. आपलं चांगलं काय आहे ते तरी सांग.

इडवल : लाइनआउट. परवा आपण जिंकलो तर तिथेच जिंकू. चेंडू बाहेर गेला की दोन्हीकडची माणसं समोरासमोर रांग धरतात, मधे हातभर जागा. चेंडू वरून येतो. पंच चेंडूकडे बघतो. खाली कोपरं, ठोसे, बुटांचे खिळे. ते फक्त देव बघतो, आणि त्याला शनिवारी सुट्टी असते. अशात चेंडू कुठे येणार हे ज्याला आधी कळलं, त्याचा चेंडू. आपल्या माणसांना आधी कळतं, कारण तुझा एमलिन ओरडून सांगतो. आपल्या भाषेत. इंग्रजांच्या सात पिढ्यांना कळायचं नाही.

नेस्टा : काय ओरडतो?

इडवल : कोणाला बोलू नकोस हं. गाईंची नावं. सेरेन म्हणाला, की चेंडू पहिल्याकडे. पेनवेन म्हणाला, की मधल्याकडे. कोखेन, पार शेवटच्याकडे. तीनच. मी शिकवतो त्या आठ बैलांच्या डोक्यात ते घालायला सहा आठवडे लागले... ताई, चहा सांडला.

नेस्टा : किटलीचा दांडा तापलाय. हे कोणाच्या डोक्यातून आलं?

इडवल : एमलिनच्याच. आहे की नाही हुशार? तर आता ज्यासाठी आलो ते. सोमवारी सरावात त्यांच्या एका उंच माणसाच्या बरगड्या मोडल्या. त्याच्या जागी कोण आलंय, कळलं असेल.

नेस्टा : रेडिओवर सांगितलं.

इडवल : नॉर्मन. लढाईत बॉम्बपासून वाचवायला लिव्हरपूलहून पोरं पाठवली, त्यांत कोटाला नावाची चिठ्ठी टाचून आला, तो तुझा नॉर्मन.

नेस्टा : चिठ्ठीवर नाव चुकीचं होतं. तीन दिवस आम्ही त्याला रॉबर्ट म्हणत होतो आणि तो बिचारा ओ देत होता. पहिला महिना ह्या टेबलाखाली झोपला. विमान गेलं की माझा घोटा धरायचा.

इडवल : मी तेव्हा समुद्रावर होतो. परत आलो तर हा चॅपलमध्ये उभा राहून बायबल म्हणतोय, आपल्या भाषेत, आपल्या पोरांपेक्षा बरं. मला एवढंच सांग, त्याला अजून येते का भाषा?

नेस्टा : एमलिनला विचार.

इडवल : विचारलं. म्हणाला, विसरला तो, मामा. बुटाच्या नाडीकडे बघत म्हणाला. म्हणून तुझ्याकडे आलो.

नेस्टा : आणि येत असली तर?

इडवल : तर पहिल्याच लाइनआउटला तो आडवा. डाय आहे ना, खाटकाचा? त्याचं डावं कोपर. जबडा दोन ठिकाणी तुटतो, मी आवाज ऐकलाय, वाळक्या फांदीसारखा. बदली माणूस घेता येत नाही, मग ते चौदा आणि आपण पंधरा.

नेस्टा : माझ्या स्वयंपाकघरात बसून सांगतोयस.

इडवल : तुझ्या पोरासाठी सांगतोय. देशासाठी पहिला सामना त्याचा. त्याच्या हाका त्या उंटानं ऐकल्या, दहा मिनिटांत उलगडल्या, तर पुढच्या सामन्याला एमलिनच्या जागी दुसरा. आणि मरेपर्यंत पबमध्ये लोक त्याला बघून हंबरतील. बोल. येते की विसरला?

नेस्टा : विसरला.

इडवल : नक्की?

नेस्टा : अकरा वर्षांचा होता गेला तेव्हा. मागच्या उन्हाळ्यात आला होता, 'कशी आहेस' एवढंही आपल्या भाषेत म्हणता येईना.

इडवल : शपथ घे.

नेस्टा : आमच्या चॅपलात शपथ घेत नाहीत. तू येत नाहीस म्हणून तुला माहीत नाही.

इडवल : कुत्रा कोणावर भुंकतोय?

नॉर्मन : गुड आफ्टरनून, मिसेस प्रॉसर. दार उघडंच होतं.

नेस्टा : नॉर्मन. वाक, वाक, डोकं आपटेल. ये बस. माझं इंग्रजी तुला गोड मानून घ्यावं लागेल.

नॉर्मन : तुमचं इंग्रजी माझ्यापेक्षा चांगलं आहे. कार्डिफहून बसनं आलो, संध्याकाळपर्यंत सुट्टी मिळाली. मिस्टर रीस, कसे आहात तुम्ही?

इडवल : मजेत, मजेत. ताई, आता मी जरा आपल्या भाषेत बोलतो. हसत हसत बोलणार आहे. तूही हस.

नेस्टा : पाहुण्यासमोर शोभत नाही, इडवल.

इडवल : ऐक रे पोरा. परवा पहिल्या लाइनआउटला तुझा जबडा फुटणार आहे. तू खाली पडलास की आठ जोड्या बूट तुझ्या हातांवरून जातील, एकेक बोट निवडून. मग महिनाभर नळीनं सूप प्यायचं आणि आयुष्यभर तोंड वाकडं.

नॉर्मन : काय म्हणतायत मिस्टर रीस?

नेस्टा : म्हणतोय, परवा ऊन पडलं तर मैदान बरं असेल.

नॉर्मन : हो ना. काल तर घोट्यापर्यंत चिखल होता. पाव छान झालाय, मिसेस प्रॉसर. मनुका अजून चहात भिजवून घालता वाटतं.

इडवल : भुवईसुद्धा हलत नाही. बघू, अजून एक. ज्या रात्री तुझ्या घरावर बॉम्ब पडला ना, तेव्हा तुझी आई तळघरात नव्हतीच. बंदरावरच्या एका खलाशाच्या बिछान्यात होती. सगळ्या गावाला माहीत होतं. तुला कोणी सांगितलं नाही इतकंच.

नेस्टा : इडवल.

नॉर्मन : माझं काही चुकलं का?

नेस्टा : नाही रे. म्हणतोय, तुझी उंची आईकडून आली असेल.

नॉर्मन : असेल. मला तिचा चेहराही धड आठवत नाही. थोडं लोणी घेऊ का?

इडवल : गेली. पार गेली. आपल्या मेंढराला जास्त कळतं. ठीक आहे ताई, डायला दुसरं गिऱ्हाईक देतो. बरं का नॉर्मन, चांगला खेळ हो.

नॉर्मन : थँक यू, सर.

(इडवल जातो. अंगणापलीकडे फाटकाची कडी वाजते.)

नॉर्मन : आई, ते खलाशाचं खरं आहे?

नेस्टा : हळू बोल. अजून फाटकाशी असेल तो.

नॉर्मन : तू आधी सांग.

नेस्टा : खोटं आहे. तळघरातच होती ती. शेजारणीचं तान्हं मूल मांडीवर घेऊन बसली होती, तशीच सापडली. तुमच्याकडचे पाद्री आले होते, त्यांनी मला सांगितलं. तू तेव्हा बाहेर अंडी गोळा करत होतास.

नॉर्मन : आज तू बरंच खोटं बोललीस.

नेस्टा : हे त्यातलं नाही. दाराबाहेर किती वेळ उभा होतास?

नॉर्मन : मामांचा आवाज आला, जबड्याचं काहीतरी. म्हणून थांबलो. मग तू म्हणालीस विसरला. म्हटलं, ठीक आहे, विसरलो. तिचं नाव काढलं म्हणून लोणी मागितलं, तेवढंच काहीतरी हाताला काम.

नेस्टा : बघितलं मी. सुरी उलटी धरली होतीस. पण तू आलास कशाला? सामन्याच्या दोन दिवस आधी कोणी समोरच्यांच्या घरी चहाला जातं?

नॉर्मन : एमलिनला निरोप द्यायचाय. डावा खांदा घट्ट बांधून खेळ म्हणावं, पण पट्टी जर्सीखालून दिसता कामा नये.

नेस्टा : का?

नॉर्मन : आमच्या कप्तानानं काल मला बाजूला घेतलं. म्हणाला, त्यांचा तो स्क्रममागचा बुटका आणि तू एका ताटात जेवलेले. त्याचं दुखतं कुठे ते सांग. आमच्यात दोघं आहेत, त्यांना तेवढंच काम दिलंय. चेंडू गेला तरी चालेल, त्याला सोडायचं नाही.

नेस्टा : काय सांगितलंस?

नॉर्मन : उजवा खांदा. लहानपणी गवताच्या माळ्यावरून पडला, तेव्हापासून निखळतो म्हणालो.

नेस्टा : निखळतो तो डावा.

नॉर्मन : म्हणून तर. अख्खा सामना दोघं त्याच्या उजव्यावर उड्या मारतील. काळानिळा होईल, पण टिकेल तो.

नेस्टा : चहा गार झाला तुझा. दे इकडे, दुसरा ओतते.

नॉर्मन : राहू दे. गारच बरा.

नेस्टा : नॉर्मन, सेरेन आठवते तुला?

नॉर्मन : न आठवायला काय झालं? गोठ्यात दाराशी उभी असायची, बादली लाथेनं उडवायची. मधे पेनवेन. आणि कोखेन भिंतीला, रात्रभर अंग घासत. का गं?

नेस्टा : उगाच.

नॉर्मन : तू उगाच काही विचारत नाहीस. तेव्हाही नाही विचारायचीस... थांब. एमलिन परवा काय ओरडणार आहे? गाई?

नेस्टा : तू पाव खा.

नॉर्मन : आणि आपल्या गोठ्यातल्या क्रमानं? दारापासून? काय गाढव आहे हा.

नेस्टा : गाढव कसा? सहा आठवड्यांपूर्वी तू संघात कुठे होतास? आणि तू आलास ते नंतर कळलं, तेव्हा हाका बदला म्हणायचं, तर मामाला कारण सांगायला हवं. त्यानं ते सांगितलं नाही. विसरला म्हणाला तोही.

नॉर्मन : एमलिन म्हणाला?

नेस्टा : मामाच्या तोंडावर.

नॉर्मन : ...मला का घेतलं माहीत आहे, आई? माझ्याहून तगडी तीन माणसं होती. निवडणाऱ्यांनी एकच विचारलं, तुला त्यांची भाषा येते ना? येते म्हणालो. तिकडे गेल्यापासून त्या भाषेपायी मी शाळेत मार खाल्ला, बापाचा खाल्ला, गोदीत खाल्ला. पहिल्यांदा कोणाला तरी ती हवी होती.

नेस्टा : मग परवा तो सेरेन म्हणाला तर?

नॉर्मन : माझे पाय दाराकडे जातील. मी नाही म्हटलं तरी जातील. खांद्याबद्दल खोटं बोलता येतं. उडी कशी खोटी मारू? आणि खरं सांगू, मारायची पण नाही. मलाही खेळायचंय.

नेस्टा : खेळायचंच आहे तुला. नाहीतर इतका उंच झालास कशाला.

नॉर्मन : मामांना सांगणार?

नेस्टा : मामाला सांगितलं तर तुझा जबडा जातो. गप्प बसले तर एमलिनचं सगळं जातं. दोन्ही माझ्याच्यानं होणार नाही. एमलिनला सांगणार आहे, आजच. गाई जागा बदलतील. कशा, ते तुला सांगणार नाही. आपल्या माणसांच्या कानात तो मैदानात शिरताना घालेल, तेव्हा मामा वर बाकांवर बसलेला असेल.

नॉर्मन : म्हणजे मी भलत्याच जागी उड्या मारत राहीन.

नेस्टा : हो.

नॉर्मन : पन्नास हजार लोकांसमोर.

नेस्टा : हो.

नॉर्मन : परत घेणार नाहीत मला.

नेस्टा : नाही घेणार.

नॉर्मन : आणि हे तू मला तोंडावर सांगतेस.

नेस्टा : मागून केलं असतं तर तुला बरं वाटलं असतं? रागाव. रागावलास तरी खा. आणि नीट ऐक. मामानं सांगितलं नाही तरी डाय तो डायच. रांगेत जवळ आला की त्याच्या तोंडाकडे बघ. मारायच्या आधी तो थुंकतो, लहानपणापासून. थुंकला की हनुवटी छातीला लाव, कोपर कपाळावर घे. कपाळ फुटलं तर शिवता येतं. त्याचा उजवा गुडघा गेलेला आहे. फारच अंगावर आला तर तिथे बूट घाल.

नॉर्मन : तो तुमचा माणूस आहे, आई.

नेस्टा : खाटकाचा आहे. इतकी वर्षं मला मांसात हाडं तोलून देतायत.

नॉर्मन : हसवू नकोस. मला अजून राग आलाय.

नेस्टा : येऊ दे. उरलेला पाव कागदात बांधते, बसमध्ये खा. आणि मागच्या वाटेनं, ओढ्याकडून जा. मामा पबमध्ये बसला असेल, बसथांब्यासमोर. दोन पेले झाले की त्याला परत शंका येते.

नॉर्मन : एमलिन केव्हा येईल?

नेस्टा : वासरू घेऊन बाजारात गेलाय. विकलं गेलं की येईल, अंधार पडता पडता.

नॉर्मन : त्याला एकदा भेटून गेलो असतो.

नेस्टा : परवा भेटशीलच की.