गुरुजींचा पोरगा माझ्या ऑटोत

लिहिण्यात चुका होतील, शब्दही साधेच आहेत. सांभाळून घ्या, शाळा मी सातवीतच सोडली. मी आमच्या खेड्यातून तालुक्याच्या गोरेगावला, इंग्रजी कॉन्व्हेंटला ऑटोने मुलं पोहोचवतो. आमची पोरगीही तिथेच टाकायची होती.

शाळा उघडल्या त्या आठवड्यात जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी घरी आले. त्यांचा पट भरत नव्हता.

"पोरीचं नाव आमच्या शाळेत टाक," ते म्हणाले.

बायको माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "मंग तुमचा पोरगा काऊन कॉन्व्हेंटले जाते, गुरुजी? यायच्याच ऑटोत बसते."

गुरुजी ओशाळले. "त्याच्या आईचा हट्ट. तिथलं त्याले समजत नाही. रोज संध्याकाळी मीच शिकवून राहिलो घरी."

"म्हणजे त्यालेबी तुम्हीच शिकवता," बायको म्हणाली. "मंग आमची दिवसाच येईल तुमच्याकडं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलाला कॉन्व्हेंटला सोडलं आणि परत येऊन पोरीला त्यांच्या वर्गात बसवलं.