मुरलीचा हत्ती

माझ्यापुढं त्या मुरलीचं नाव काढू नका! मस्तगडात आमच्या शेजारीच राहायचा. त्यानं बुद्धिबळाच्या लाकडी हत्तीवर लाल झूल रंगवली, तिला सोनेरी काठ, पायांना पांढरी नखंसुद्धा. सारी गल्ली पाहायला लोटली. माझा नुसता जळफळाट! मंग मीबी माझा हत्ती रंगवला. काका म्हणाले, "पटावर डुक्कर कशाला रे?"

डाव मांडला. मुरलीचा हत्ती मारायसाठी मी माझा वजीर घालवला. समदे ओरडले, "येडा झालास का?" डाव हरलो, पण हत्ती मुठीतून सोडला न्हाई.

मुरली मोहरे गोळा करत म्हणाला, "राहू दे तुलाच. हा बिघडला, म्हणून खेळायला आणला. चांगला घरी है."