बाईंनी ऐकलेले चारशे व्हॉइस मेसेज

आदरणीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावरील मान्यवर, शिक्षकबंधू-भगिनी आणि खुर्च्या अपुऱ्या पडल्या म्हणून भिंतीला टेकलेल्या माजी विद्यार्थ्यांनो,

शेहेचाळीस वर्षांपूर्वीचा एक आवाज अजून माझ्या कानात आहे. मी शिकवायचो तो सातवीचा वर्ग कविता म्हणायचा. मुली गळा मोकळा सोडून, मुलगे ओठांतल्या ओठांत. त्या सगळ्यांच्या वर जाणारा आवाज होता माझ्या एका विद्यार्थिनीचा, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या बाईंचा.

याच बाईंनी पन्नाशीनंतर पीएच.डी.ला विषय काय घ्यावा? मोबाइलवरच्या ग्रुपात बायका आणि पुरुष आपली भाषा कधी लिहितात, इंग्रजी कधी! स्टाफरूममध्ये हशा पिकला. गणिताचे सर म्हणाले, "बाई, आमचे गुड मॉर्निंगही मोजणार?"

"मोजले. तुमचे सहाशे बारा. आपल्या भाषेत एकही नाही."

त्यांची इच्छा एकच होती: हजेरीपटावरची शेवटची सही 'डॉक्टर' लावून करायची. प्रबंधात ठासून लिहिलं, बायका दोन्ही भाषांत माहेर-सासर केल्यासारख्या ये-जा करतात. पुरुष इंग्रजीचा कोट काही उतरवत नाहीत. प्रबंध परत आला. परीक्षकांनी विचारलं होतं, 'पुरुष बोलून पाठवतात, ते ऐकलंत का?'

ऐकलं नव्हतं! दुसऱ्या कोणी हातपाय गाळले असते. बाईंनी एकेकाची परवानगी घेतली, कानाला हेडफोन लावला आणि दोन वर्षांत चारशे व्हॉइस मेसेज ऐकले. टाइप करताना 'नोटेड' म्हणणारा पुरुष माफी मागायला, रडायला आपल्याच भाषेत येतो. पण बोलून. लिहायला धजत नाही.

मीही त्यात आहे. पत्नी गेली तेव्हा ग्रुपवर मी लिहिलं, 'थँक यू फॉर युअर कन्डोलन्सेस.' जन्मभर कविता शिकवलेला माणूस मी! त्याच दुपारी बाईंना बोलून पाठवलं, "पोरी, घर खायला उठतंय गं." प्रबंधात ते आहे, पान एकशे चाळीस. नाव नाही, पण स्वतःला कोण ओळखत नाही?

प्रबंध पुन्हा दिला, तोंडी परीक्षा झाली, निकाल आजवर आलेला नाही. न का येईना! आम्हा मुक्या पुरुषांची बाजू एका बाईनं मांडली, याहून मोठी पदवी कुठली?

आपण शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. म्हाताऱ्याच्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला, आणि...

थांबा. दारात कोण? अहो, हे तर परीक्षक! या सर, या. काय म्हणालात? जरा मोठ्यानं सांगा, सभागृहाला ऐकू द्या.

"पत्र लिहायला बसलो होतो, डॉक्टरबाई. म्हटलं, बोलूनच सांगावं."