बोअरचा अंदाज आणि माझं तोंड

…आणि पाणी गेलं की सेक्रेटरीची आठवण! एरवी जिन्यात कुणी मान वर करून बघत नाही, पण नळानं फुस्स केलं की लगेच सुखदेवराव, सुखदेवराव! अहो, तुम्हाला सांगतो, बिबवेवाडीत राहतो म्हणजे गुन्हा केला का मी? महापालिकेचं पाणी येतं तेव्हा येतं, बाकी सगळी भिस्त आमच्या त्या एका बोअरवर, आणि त्यात बुद्धपौर्णिमेला नांदेडहून बहीण येणार, सगळं गणगोत घेऊन, घरात वंदना, खीर, पंगत… आणि मी फोनवर सांगून मोकळा, "या गं, पाण्याची काळजी नको, आमच्या दीक्षानं कॉम्प्युटर लावलाय!"

दीक्षा म्हणजे माझी लेक. हिंजवडीला कामाला. तिनं बोअरमध्ये सेन्सर सोडला. मोटर किती चालली, पाणी किती उतरलं, सगळं थेट लॅपटॉपमध्ये! म्हणाली, "बाबा, हे मशीन लर्निंग. मोटर एवढी चालवली तर पातळी कुठं जाईल, ते मॉडेल आधीच सांगतं." म्हटलं, आणि चुकलं तर? "तर शिकेल."

पहिला अंदाज आला: उद्या संध्याकाळी पातळी घसरणार, जपून वापरा. मी सेक्रेटरी! लगेच टाकला ग्रुपवर, खाली हात जोडलेले. झालं! बिल्डिंगमधलं झाडून प्रत्येक पिंप, बादली, कुकर, एकांनी तर बाळाचा टब… सगळं भरून! टाकी रिकामी, मोटर चालू, उद्या जायचं ते पाणी आजच गेलं! दीक्षाला म्हटलं, हे काय? मान वर न करता म्हणते, "मॉडेल शिकतंय, बाबा."

शिकलं ना! पुढचा अंदाज: पाणी मुबलक. टाकला ग्रुपवर. खाली बघतो तर दुसऱ्या मजल्यावरचे वैजनाथ, अर्धी चड्डी, हातात नळी, गाडी धुतायत! मग टायर, मग पार्किंग, मग शेजाऱ्याची गाडी… अहो, सख्ख्या मेव्हण्याला चहा न विचारणारा माणूस! म्हटलं, वैजनाथराव, जरा बेतानं. "का? 'मुबलक' आपणच लिहिलंत ना? का आपल्याकडे त्याचा अर्थ वेगळा आहे?" पातळी? तळाला! दीक्षा? "मॉडेल शिकतंय."

शेवटी एक दिवस लेक समोर येऊन बसली. चेहरा असा, की डॉक्टरच्या हातात वाईट रिपोर्ट. "बाबा, पाणी सगळ्यात जास्त कशानं उतरतं ते मॉडेलला कळलं." मोटर? "नाही." ऊन? "नाही. तुमचा मेसेज."

घ्या! "पण पौर्णिमेला पाणी पुरतंय, बाबा. फक्त तोवर पाण्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ग्रुपवर नाही, जिन्यात नाही, आईपाशी नाही."

अहो, केवढा आनंद झाला मला! आणि सांगायचा कुणालाच नाही! मी गप्प. जेवताना गप्प. वैजनाथ टोमणा मारून गेले, तरी गप्प. तोंड उघडलं तर पाणीच बाहेर पडेल, म्हणून सरसकट गप्प!

पौर्णिमेच्या सकाळी पांढरा सदरा चढवून मी नळ सोडला… फुस्स! खाली बहिणीची गाडी थांबलेली, मंडळी उतरतायत… आणि शालन, आमची बायको हो, मोरीत पिंपांच्या मधोमध उभी! अगं, हे काय?

"मला विचारताय? लग्न झाल्यापासून कधी जेवताना गप्प बसलात? आणि आता आठवडाभर तोंडाला कुलूप! म्हटलं, बोअर आटला, ह्यांना सांगवत नाहीये. सगळ्या बिल्डिंगला सांगून आले, भरून ठेवा म्हणून!"

दीक्षाकडे बघितलं, तर ती लॅपटॉपमध्ये नवीन रकाना घालतेय. मोटरचे तास, ऊन, पाऊस, आणि… 'बाबा गप्प'! "मॉडेल शिकतंय, बाबा."

पंगत झाली, पिंपातल्या पाण्यावर. बहीण जाताना म्हणते, "दादा, तुझ्याकडं पाण्याची चंगळ आहे रे, जिकडं बघावं तिकडं पिंपं!"

तेव्हापासून लेकीचा हुकूम: बाबा, गप्प बसायचं नाही, बोलत राहायचं, फक्त पाण्याबद्दल नाही. म्हणून तर इथं आलो, तुमच्यासमोर बोलतोय, बोलतोय…

अरेच्चा! मी आत्ता कशाबद्दल बोललो?

अहो, मागच्या रांगेतले… उठलात का? बसा, बसा! पाणी आहे! मुबलक आहे! म्हणजे… मुबलक नाही… अहो वैजनाथराव, आपण?…

गेले. जाऊ दे. मॉडेल शिकतंय.