प्रकरण संपेपर्यंत

डोळ्यांत औषध घातलेले आम्ही सगळे पेशंट बाकावर डोळे मिटून बसलो होतो. ही गेल्यापासून मी एकटाच तपासून घ्यायला येतो. शेजारच्या गृहस्थांना त्यांची बायको एका कादंबरीकाराच्या आठवणी वाचून दाखवत होती.

"'ऐकता ऐकता तिला डुलकी लागली, की मी ते पान फाडून टाकायचो.'"

"बायकोला झोप आली म्हणून?"

"नवीन लग्न होतं त्यांचं."

"मी तुझ्या डुलक्या मनावर घेतल्या असत्या, तर जन्मभर मुकाच राहिलो असतो."

"गप्प बसा, नाहीतर तुमचं तुम्ही वाचा."

"बरं बाई, वाच."

"एकवीस नंबर," सिस्टर म्हणाली. "आजोबा, तुमचाच ना?"

"यांचं प्रकरण संपू दे," मी म्हणालो.

बाईंचा आवाज माझ्याकडे वळला.

"इकडे सरका, भाऊ. मोठ्यानं वाचते."