परत न आलेली पुस्तकं

तुम्हाला काय वाटतं, आमचं वाचनालय अर्ज-विनंत्या करून पुन्हा उघडलं? ते उघडलं फिलोमिनामावशींमुळे.

मी तिथली ग्रंथपाल. दुरुस्तीच्या नावाखाली वाचनालय बंद होऊन वर्ष झालं होतं. एक दिवस साहेबांनी सांगितलं, लोकांकडे राहिलेली पुस्तकं घरोघर जाऊन गोळा करा, सगळी गोदामात टाकायचीत. गोदामात गेलं ते परत येत नाही, हे मला कळत होतं. पण नोकरी होती, निघाले.

पहिलं घर पाचूबंदरला, मावशींचं. मासळी विकून झाली की त्या दर शनिवारी आमच्या वाचनाच्या कार्यक्रमाला यायच्या. त्यांनी कागदात गुंडाळलेलं पुस्तक दाखवलं, पण हातात दिलं नाही.

"वाचनालय उघड, टेबलावर आनून ठेवते. गोदामासाठी नाय देनार."

"मावशी, मला वर उत्तर द्यावं लागेल."

"मग दे ना. माझं नाव लिही."

मी लिहिलं. आणि पुढे होळी, गिरीज या भागांत प्रत्येक घरी पुस्तक मागण्याआधी मावशींचं उत्तर सांगत गेले. सगळे तेच म्हणाले.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, "किती जमली?"

"एकही नाही. वाचक उघडायची तारीख मागतायत."

"तुम्ही नोकरी आमची करता की त्यांची?"

"साहेब, माझ्या नावावरही दोन पुस्तकं आहेत. तीसुद्धा मी देणार नाही."

एवढं बोलून मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. तारीख लिहून हातात मिळाली, तेव्हाच उठले.