बाबांची गुरगुर

धाकटा : ताई, बाबांचा गिटारचा अ‍ॅम्प विकला गेला. पंखा वाढव ना जरा.

ताई : काय म्हणालास?

धाकटा : पंखा वाढव.

ताई : त्याच्या आधी.

धाकटा : त्याच्या आधी मी आलोच नव्हतो.

ताई : अरे, दुरुस्तीला म्हणून नेलास! आई रोज विचारते, आला का, आला का. आणि हे समोर आणून ठेवलंयस ते काय मग?

धाकटा : हाही बाबांचाच.

ताई : किती अ‍ॅम्प होते बाबांचे?

धाकटा : एक.

ताई : डोकं फोडीन मी तुझं.

धाकटा : ऐकून तर घे. माझ्या संग्रहात ह्याच मॉडेलचे आणखी दोन होते. जुना व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प ओळखायचा तर वरच्या नावावर जायचं नसतं, उघडायचा असतो. ट्रान्सफॉर्मरवर शिक्का असतो, स्पीकरच्या पाठीवर असतो. सगळे शिक्के एका वर्षाचे, तरच तो अस्सल. बाबांच्यात कशाचा कशाला मेळ नव्हता, माझ्या दोघांतही नव्हता.

ताई : कारण बाबा तो वाजवायचे! जळलं ते बदलायचे. काचेत ठेवून आरती नाही ओवाळली त्याची.

धाकटा : तेच. आमच्यात त्याला भेसळ म्हणतात.

ताई : बाबांना भेसळ म्हणालास?

धाकटा : अ‍ॅम्पला. मग मी तिन्ही उघडले आणि शिक्के जुळवले. ह्याचा स्पीकर त्याच्यात, त्याचा ट्रान्सफॉर्मर ह्याच्यात. तीन भेसळींचे तीन अस्सल झाले. आमच्या संग्राहकांच्या ग्रुपवर लोकांनी फार कौतुक केलं.

ताई : आणि बाबांचा कुठला त्यातला?

धाकटा : खोकं हे. आतली तारांची जोडणी माझ्या कपाटावरच्यात. आणि स्पीकर... विकला गेला त्यात.

ताई : म्हणजे बाबांचे तुकडे करून एक तुकडा परक्या घरी पाठवलास.

धाकटा : स्थळ चांगलं आहे.

ताई : दात काढू नकोस! ह्या खोक्यावर सिगारेटचा डाग होता. कुठाय तो?

धाकटा : रेक्झिन नवं लावलं. मूळच्यासारखं हुबेहूब.

ताई : आणि आवाजाचं बटण? ते हरवलं तेव्हा माझ्या डिंकाच्या बाटलीचं झाकण बसवलं होतं बाबांनी. दिवसभर रडले होते मी त्या झाकणासाठी.

धाकटा : ते मूळचं नव्हतं.

ताई : मूळचा तर तूही नव्हतास! चांगला माझ्या मागून आलास. तुला काढून फेकलं का कुणी?

(आई आतून येते, अ‍ॅम्पचं बटण दाबते आणि शेजारच्या खुर्चीत बसते.)

आई : लागला का रे?

धाकटा : लागलाय, आई. लाल दिवा बघ.

आई : मग बोलत का नाही?

धाकटा : गिटार जोडल्याशिवाय कसा बोलेल?

आई : ह्यांचा बोलायचा. व्हॉल्व्ह तापले की गुरगुरायला लागायचा. हे गेल्यापासून संध्याकाळी तो लावून बसते मी. घरात कुणीतरी चिडून बसलंय असं वाटतं. बरं वाटतं.

धाकटा : आई, ती गुरगुर म्हणजे दोष होता. आतले कपॅसिटर फुगले होते. आग लागली असती एखाद दिवशी.

आई : ह्यांच्याबद्दलही डॉक्टर असंच काहीतरी म्हणायचे. मी बदलून आणले का ह्यांना?

ताई : कुठायत ते कपॅसिटर?

धाकटा : कचऱ्यात गेले.

ताई : वा! मोठा पारखी ना तू? शिक्के वाचतोस ना? मग सांग आता आईला, हा अ‍ॅम्प कुणाचा आहे?

धाकटा : (खोक्याचं रेक्झिन पुसायला लागतो.)

ताई : तोंड उघड!

धाकटा : कुणाचाच नाही.

आई : अगं, ओरडू नकोस त्याच्यावर. कागद घे रे.

धाकटा : आई, मी विकलेला परत आणतो. पाया पडतो त्या माणसाच्या. सगळं होतं तसं जोडतो.

आई : आणि कचऱ्यात गेलं ते? कागद घे म्हणते ना. जन्म गेला माझा ऑफिसात अर्ज टाइप करण्यात, मी सांगते तसं लिही.

धाकटा : कुणाला लिहू?

आई : तुझ्या त्या ग्रुपला, नाहीतर ज्या कुणाला ह्यातलं कळतं त्याला. लिही. महोदय, आमच्या घरचा अ‍ॅम्प आमच्याच मुलाकडून चुकून दुरुस्त झाला आहे. तरी तो पूर्वीसारखा बिघडवून मिळावा, ही नम्र विनंती.